पिशवीचा खाडा

साखर कारखान्याच्या बॉयलरचं नशीब थोर. हंगाम संपला की त्याला उघडतात, नळ्या तपासतात, गळक्या असतील त्या बदलतात. मग अग्निप्रदीपन होतं, चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते, पेपरात फोटो येतो. ती मोळी बांधून, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवणारी बाई फोटोत नसते. तिच्याही देखभालीची सोय आहे बरं का, आणि ती बॉयलरसारखी दरवर्षी करावी लागत नाही. पिशवी एकदा काढली की काढली.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या सोयीचा बोभाटा झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. बीडला मागास म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मग दोषी शोधायला सगळे निघाले आणि थेट डॉक्टरच्या दारात येऊन थांबले. तिथे थांबण्यासारखं बरंच होतं. अंगावरून पांढरं जातंय एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगून टेबलावर घेणारे महाभाग होतेच. पण लोभी डॉक्टर सापडला की बाकीच्या सगळ्यांना किती हायसं वाटतं! म्हणून आपण मुद्दाम एक सज्जन डॉक्टर घेऊ. तालुक्याच्या गावी दवाखाना, शिक्षण पक्कं, पोटात पाप नाही.

त्याच्यासमोर तिशीची बाई बसलीय. तीन लेकरं, कंबर दुखते, जंतुसंसर्ग झालाय, पाळीत अंगावरून फार जातं. डॉक्टरला उपचार ठाऊक आहे: औषधांचा पूर्ण कोर्स, नवऱ्यालाही गोळ्या, पाळीत विश्रांती, स्वच्छ पाणी, कोरडे कपडे, जड उचलायचं नाही, पंधरा दिवसांनी परत दाखवायला यायचं. चिठ्ठी अगदी पुस्तकाबरहुकूम. यातल्या गोळ्या मेडिकलवर मिळतात. बाकीचा माल मुकादमाकडे असतो आणि मुकादम तो विकत नाही.

कारण पंधरा दिवसांनी बाई कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडात असेल. उसाच्या पाचटाची कोपी, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी कुठल्या तरी विहिरीवरून. पहाटे उठून भाकरी थापायच्या आणि दिवसभर तोड. गाडी रात्री लागली तर रात्री भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याच्यावर मुकादमाची उचल घेतलेली. एकानं दिवस बुडवला की खाडा, आणि खाड्याचे पाचशे रुपये कापून घ्यायची रीत. पाळीला या हिशेबात वेगळं खातं नाही.

तेव्हा बाई चिठ्ठीकडे बघते आणि म्हणते, “गोळ्या नगं डॉक्टर, काढूनच टाका. दर म्हैन्याला खाडा परवडत न्हाई.”

आता करा वैद्यकीय नीतिशास्त्र. रुग्णाच्या इच्छेचा मान राखावा, हे पहिल्याच धड्यात असतं. अपाय करू नये, हेही तिथेच. आमचे डॉक्टर नाही म्हणतात. बाई उठते आणि पुढच्या चौकातल्या दवाखान्यात जाते. तिथे ‘नाही’ हा शब्द ठेवलेलाच नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या मनात येतं: कुणीतरी करणारच, मग निदान स्वच्छ थिएटरात, नीट भूल देऊन आपणच का करू नये? हा विचार दयेचा आहे. १३,८६१ मध्ये अशा दयेच्या किती, हे कुठल्याही समितीला मोजता येणार नाही.

मुकादमाला विचारा. तो म्हणतो, मी कुणाला काप म्हणालो नाही. कारखान्याला विचारा. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी, हे मजूर आमचे नव्हेतच. ऊस आमचा, साखर आमची, मळी आमची, बगॅसची वीजसुद्धा आमची. मजूर तेवढे कुणाचेच नाहीत. शेतकऱ्याला विचारायची सोय नाही, त्याचं स्वतःचंच बिल थकलेलं असतं. सगळे आपापल्या जागी शहाणे आहेत. (हार्वेस्टर आला की प्रश्न मिटेल असंही एक शहाणपण ऐकू येतं. बरोबर आहे, यंत्राला पाळी येत नाही.)

सरकार मात्र स्वस्थ बसलं नाही. बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. उत्तम झालं. आता पिशवी काढायला परवानगी लागते. संडासाशिवाय कोपी उभी करायला कुणाची परवानगी लागते, हे मी विचारून पाहिलं. कचेरीतल्या साहेबांनी टेबल चुकलं म्हणून सांगितलं.

ऑपरेशनचा खर्च वीस ते पस्तीस हजार. बाईकडे तो कुठून असणार? मुकादम देतो. अडीनडीला तोच तर उभा राहतो! रक्कम पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली जाते आणि जिच्या पोटाला टाके पडलेत तिनेच ती ऊस तोडून फेडायची असते. कित्येकींचं पिशवीबरोबर अंडाशयही गेलेलं असतं. मग तिशीतच पन्नाशीच्या बाईसारखं हाडांचं दुखणं, अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीची झोप उडणं. बाई पुन्हा आमच्या सज्जन डॉक्टरांकडे येते. डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात आणि बजावतात, “ताई, मोळी उचलायची नाही हं.”