टेल्कोवाल्या अण्णांकडची बॅटरीची गाडी

"अहो वहिनी, दूध ठेवलं असेल तर गॅस बंद करूनच या. दोन मिनिटांत आटपणारी गोष्ट नाहीये ही."

"आले, आले. काय झालं एवढं?"

"काल कोपऱ्यावरच्या अण्णांकडे अंगणात खड्डा खणत होते, पाहिलंत ना? त्यात मीठ काय ओतताहेत, कोळसा काय टाकताहेत! मला वाटलं, घराची दृष्टच काढायला बसलेत."

"मग होतं काय ते?"

"अर्थिंग! विजेची गाडी घेतलीय त्यांनी. वायरमन म्हणाला, घराचं अर्थिंग गेलंय, आधी ते करा, मग पंधरा अँपियरचं सॉकेट बसवतो. रात्रभर गाडी लावून ठेवायची म्हणजे हयगय चालत नाही."

"अण्णांनी घेतली? अहो, ते तर टेल्कोतले!"

"गाडी टेल्कोचीच आहे की. म्हणजे टाटा मोटर्स म्हणायचं आता, पण निगडीत कोण म्हणतंय! सबंध नोकरी टूलरूममध्ये गेली त्यांची. गल्लीत कुणाची गाडी कुरकुरली की बॉनेट न उघडता सांगायचे, टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय. आता या गाडीला आवाजच नाही. परवा सुनेनं गाडी चालू केली, तर अण्णा वाकून कान देऊन उभे. ऐकू काय येणार, टायरखालची खडी!"

"म्हणजे चाललं सुनेचं."

"तिचंच. रोज हिंजवडी. वाकडच्या गर्दीत क्लच दाबून दाबून पाय भरून यायचा तिचा. त्यात पेट्रोल शंभरीपार. तिनं कागदावर हिशेब मांडला, एका युनिटात सहा-सात किलोमीटर, आणि कागद अण्णांच्या ताटाशेजारी ठेवला. अण्णा म्हणाले, सेलवर चालतं त्याला खेळणं म्हणतात. झालं! घरात अबोला."

"मग सुटलं कसं?"

"अण्णांच्या मंडळींनी, माईंनी सोडवलं. म्हणाल्या, इंडिका आली तेव्हा लोक तुम्हाला काय म्हणत होते ते विसरलात का? ट्रक बनवणाऱ्यांनी मोटारीच्या नादाला लागू नये, हेच ना? 1998 च्या डिसेंबरातली गोष्ट. सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारी आल्या, तोटा झाला, आणि 1999 मध्ये रतन टाटा मोटारींचा धंदा विकायला अमेरिकेत फोर्डकडे गेले. तिथले साहेब म्हणे ऐकवायला लागले, येत नव्हतं तर यात पडलातच कशाला, आम्ही घेतोय म्हणजे उपकारच करतोय. नऊ वर्षांनी त्याच फोर्डची जग्वार-लँड रोव्हर टाटांनी विकत घेतली. हे सगळं अण्णा कुणालाही, कधीही सांगतात, तुम्ही ऐकलं असेलच."

"दोनदा. एकदा तर डोहाळजेवणात."

"पण पुढचं नाही ऐकलंत. गुजरातेत सानंदला नॅनोचा कारखाना नेला ना सिंगूरहून, त्याला लागूनच फोर्डचा कारखाना होता. फोर्डनं 2021 मध्ये इथं गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. तो कारखाना कुणी घेतला? टाटांच्या विजेच्या गाड्यांच्या कंपनीनं! 725 कोटी 70 लाखांना, 2023 च्या जानेवारीत ताबासुद्धा मिळाला. सख्ख्या शेजाऱ्याचा प्लॉट, वहिनी!"

"नशीब लागतं मेलं. आमच्या शेजारच्यांनी पार्किंगपुरतं बारा फूट सोडलं नाही."

"मी ऐकलंच नाही असं समजा. तर सांगत काय होते, लोक म्हणतात टाटांनी केवढी उडी मारली. उडी कसली आलीय! 2017 मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीनं दहा हजार विजेच्या गाड्यांचं टेंडर काढलं, म्हणून टिगोरमध्ये बॅटरी बसवली. साहेबलोकांची लगेच कुरकुर, एका चार्जिंगमध्ये फार लांब जात नाही म्हणून. मग 2020 च्या जानेवारीत नेक्सॉन आली. तीसुद्धा नवी नव्हेच. आपल्या रांजणगावच्या कारखान्यात पेट्रोल-डिझेलची नेक्सॉन निघत होती, तिचंच इंजिन काढलं, टाकी काढली, तळाशी बॅटरी बसवली. किंमत चौदा लाखांपासून पुढे."

"म्हणजे जुन्या पैठणीचा ड्रेस शिवला म्हणा की."

"अगदी! आणि का नाही शिवायचा? तेव्हा शंभर मोटारी विकल्या तर त्यात यांच्या जेमतेम पाच. नव्या सांगाड्यासाठी पैसा आणायचा कुठून? मला तर यात शहाणपणच दिसतं. बॅटरीचे पॅक टाटांच्याच ऑटोकॉम्पनं जुळवायचे, चार्जर टाटा पॉवरनं बसवायचे, सगळा घरचा मामला. जरा जम बसल्यावर 2021 मध्ये टीपीजी म्हणून अमेरिकन गुंतवणूकवाले आले आणि साडेसात हजार कोटी घालायला तयार झाले. ते या ड्रेसवरच भाळले ना? पुढच्या वर्षी साडेआठ लाखांच्या आत टियागो आणली, तर पहिल्याच दिवशी दहा हजार बुकिंग."

"पण जाते किती? आमचे हे म्हणतात, खोपोलीला ढकलायला लागते."

"उगाच! पण कागदावरचं खरं मानू नका, हेही खरं. त्या पहिल्या नेक्सॉनला 312 किलोमीटर छापलं होतं, प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. दादरला जाऊन परत यायचं तर मध्ये चार्जिंगला थांबणं आलंच. आणि पैठणीच्या ड्रेसला शिवणीची मर्यादा असतेच. मुळातून विजेसाठी काढलेल्या गाडीत जागा जास्त मिळते. 2024 मध्ये एमजीची विंडसर आली, चाकणहून महिंद्रांच्या दोन आल्या, आणि जे टाटा दहातल्या सात विजेच्या गाड्या विकायचे, ते निम्म्यापर्यंत उतरले. महिंद्रांचं तर मला नवलच वाटतं. बंगळुरूची रेवा त्यांनी 2010 मध्येच घेतलेली, आणि खरी जाग आली चौदा वर्षांनी! आल्या आल्या गाडीचं नाव ठेवलं बीई सिक्स ई, तर इंडिगो विमानवाले कोर्टात. सिक्स ई आमचं म्हणे! मग यांनी 'ई' गाळला."

"बारशातच भांडण! पण एक सांगू? तुम्ही हसता, इथं आमच्या दादाची झोप उडालीय. भोसरीला शेड आहे ना त्याची. दोन हॉबिंग मशीन. गिअरबॉक्सच्या गियरना दात पाडून देतो. त्याचं आख्खं घर त्या दातांवर चालतं."

"मग?"

"मग काय, विजेच्या गाडीला क्लच नाही, सायलेन्सर नाही, इंजेक्टर नाही. पाच गियरचा गिअरबॉक्सही नाही. मोटर आणि चाकांच्या मध्ये वेग उतरवायला मोजकी दोन-चार दातेरी चाकं, संपलं. त्याच्या शेजारच्या शेडमध्ये पिस्टनच्या पिना होतात, ते तर बोलतच नाहीत. दादानं विजेच्या गाडीच्या त्या चाकांचं सँपल करून दिलं, तर परत आलं. माप बरोबर, पण आवाज करतं म्हणे."

"मापात आहे तर आवाज कसला?"

"तेच. इंजिनाच्या धडधडीत इतकी वर्षं गियरची कुईकुई कुणाला ऐकूच येत नव्हती. आता इंजिनच नाही, म्हणजे सगळं ऐकू येतं. दात नुसते पाडून भागत नाही, पाडल्यावर ग्राइंडिंग करून मायक्रॉनमध्ये आणायचे. त्या ग्राइंडिंग मशीनची किंमत विचारून आला, तेव्हापासून जेवताना गप्प असतो."

"अगं बाई! मग त्याला अण्णांकडे पाठवा ना. खरंच. गेल्या रविवारी सुनेबरोबर देहूरोडपर्यंत जाऊन आले आणि घरात शिरताना माईंना म्हणाले, साठच्या पुढे बारीक शीळ घालते, डाव्या बाजूनं. सून म्हणते मला काही ऐकू येत नाही, नवऱ्याला ऐकू येत नाही, सर्व्हिस सेंटरवाल्यालाही नाही. पण अण्णा खूष!"

"पाठवते. संध्याकाळी असतात ना घरी?"

"असतात, पण पाचनंतर पाठवा. सध्या दुपारभर माई आणि ते शेअरचे कागद घेऊन बसतात. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनी दोन झाली ना, ट्रक-बस वेगळ्या, मोटारी वेगळ्या. एका शेअरचे दोन झाले. आणि गंमत बघा, टाटा मोटर्स हे नाव राहिलं ट्रकवाल्यांकडे! अण्णा म्हणतात, विजेच्या गाड्या सुनेला कळतात, तर मोटारींचे तिच्या नावावर करू, ट्रकचे मुलाच्या."

"आणि माईंना काय?"

"माईंनी तिथल्या तिथे सांगितलं, ट्रकचे माझ्या नावावर. ते अजून डिझेलवर चालतात."