बाण वरच्या दिशेने

काल्हेरच्या माणसाला बांधाबांध शिकवायची गरज नाही. साबणापासून वॉशिंग मशीनपर्यंत अर्ध्या मुंबईचा संसार आमच्या गोदामांतून पुढे जातो. खोक्यावर वर जाणारे दोन बाण आणि काचेच्या पेल्याचं चित्र छापलेलं असतं. ते बाण आम्ही किती मानतो, हे विचारू नये.

खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात 2013 सालापासून ‘नायट्रो’ नावाचा पोलादी रोलर कोस्टर आहे. त्यावर माणूस पाच वेळा उलटा होतो. जाणाऱ्याने स्वतःला माल समजावं, म्हणजे पुढच्या सूचना सोप्या जातील.

निघताना घाई करावी. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत कशेळीचा पूल ओलांडला की निम्मा प्रवास झाला असं समजावं, पनवेल अजून दिसतही नसलं तरी. नायट्रोचा रूळ सुमारे 845 मीटरचा आणि वेग ताशी 105 किलोमीटर. संध्याकाळी काल्हेरात तेवढंच अंतर कापायला जो वेळ लागतो, त्यात नायट्रोच्या चार फेऱ्या होतील.

आदल्या रात्री घरची म्हातारी विचारेल, “पैसे देऊन उलटं व्हायचंय, तर झाडाला का नाही लटकत?” या प्रश्नाला उत्तर नाही. पाया पडावं आणि झोपावं.

आता लोडिंग. खांद्यांवरून जाड कवच खाली येतं, ते छातीशी घट्ट घ्यावं. मग पायाखालची जमीन काढून घेतात. हा अपघात नव्हे. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड कंपनीने या जातीच्या कोस्टरची रचनाच तशी केली आहे. टेम्पोच्या फाळक्यावर पाय लोंबकळत ठेवून अंजूरफाट्यापर्यंत गेलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. चप्पल मात्र आधीच काढून ठेवावी. वरून पडलेल्या मालाचं चलान फाडत नाहीत.

गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी तिला सुमारे 40 मीटर वर ओढून नेते आणि तिथे सोडून देते. पुढचं सगळं उताराच्या भरवशावर. वर पोचल्यावर खाली पाहू नये असं सगळे सांगतात. पाहावं. पैसे त्याचेच दिलेत.

लूपमध्ये शिरताना घाबरू नये, कारण तो नीट पाहिला तर गोल नाही; पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता असतो. 1895 साली अमेरिकेत कोनी आयलंडला एकाने अगदी गोल लूप बांधला होता. खाली वेग सर्वात जास्त, आणि तिथेच गाडी एकदम वळायची. लोकांच्या माना अवघडायच्या. पुढे वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने 1976 च्या कॅलिफोर्नियातल्या ‘रेव्होल्यूशन’साठी खालचं वळण ऐसपैस आणि वरचं आवळ ठेवलं. त्यामुळे खाली मानेवर एकदम भार येत नाही, आणि वर वेग मंदावला तरी माणूस खुर्चीलाच दाबलेला राहतो. पाण्याची बादली गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, तीच ही विद्या. अर्थात बादलीने सकाळी दोन वडापाव खाल्लेले नसतात. आपण खाल्ले असतील, तर शेजारच्याला आगाऊ कल्पना द्यावी.

ओरडावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तोंड मिटून बसणाऱ्यांचे डोळे जास्त बोलतात असं माझं निरीक्षण आहे.

उतरल्यावर माल मोजून घ्यावा: दोन हात, दोन पाय, चष्मा. पाय दोनच असले तरी ते एकाच दिशेला जात आहेत का, हेही पाहावं. अर्धा तास बाकावर बसावं आणि “काहीच नाही वाटलं” असं सगळ्यांना सांगावं.

दुसऱ्या दिवशी गाळ्याचं शटर वर गेलं की थप्पीतला एखादा खोका बाण खाली करून ठेवलेला दिसेल. हमाल चहाला गेले आहेत ना, याची खात्री करावी, आणि तो गुपचूप सरळ करावा.