शंभर टक्के निकाल कुणाच्या जिवावर?

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाचे शाळा काय करते? आधी वर्गाबाहेर उभे करते. मग डायरीत शेरा. मग आईला बोलावणे. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आई येते आणि तिला एकच वाक्य ऐकवले जाते : दुसरी शाळा बघा.

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. त्याचे कलम 16 स्पष्ट आहे : आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली, काढून टाकायची नाही.

म्हणून शाळा काढत नाही. पालकांकडून अर्ज लिहून घेते.

दाखला वाचा. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक : चांगली. वर्तणूक चांगली होती, तर पोरगा बाहेर का?

आठवीनंतर तेवढेही संरक्षण उरत नाही. नववीत दंगेखोर आणि कच्ची मुले हेरली जातात आणि हातात 17 नंबरचा फॉर्म पडतो. शिक्षण सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी, म्हणून असलेली ही सोय. काही शाळांनी तिचे मागचे दार केले.

ज्याला वर्गात तासभर बसवत नाही, त्याने घरी एकट्याने वर्षभर अभ्यास करायचा?

पर्यायी शाळा हवीच. पण तिथे ते मूल कुणाला तरी हवे असले पाहिजे. लडाखमध्ये 1988 साली उभ्या राहिलेल्या सेकमॉल संस्थेने दहावी नापास मुलांसाठीच दार उघडले. तिथला कारभार मुलेच चालवतात : स्वयंपाक, गाई, सौरऊर्जेची देखभाल, सगळे.

आपल्याकडचे जुने गुरुजी यापेक्षा वेगळे काय करत होते? सर्वात वांड पोरालाच मॉनिटर करत होते.

खोडीमागे अतिचंचलता असेल, अक्षरे न लागण्याची लाज असेल किंवा घरातला मार असेल. हे ओळखायला समुपदेशक लागतो आणि लहान वर्ग लागतो. साठ पोरांच्या वर्गात बाईंनी कुणाकुणाकडे बघायचे?

तोवर एक सोपे काम शिक्षणाधिकाऱ्यांनी करावे. 'दहावीचा निकाल 100 टक्के' असा फलक लागला, की आदल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुले होती, तो आकडाही त्याच फलकावर लिहायला लावावा.

गळालेल्या मुलांचा हिशेब मग शाळेला गावासमोर द्यावा लागेल.