खुराड्याची जागा

खुराड्याच्या जागेचा पहिला निर्णय पाऊस घेतो. उंबरमाळीला, म्हणजे खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात, वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. मे महिन्यात परसातली जी जागा सपाट, सावलीची आणि सर्वांच्या मते झकास असते, तिचे जुलैत खाचर होते. म्हणून पाणी निघून जाईल अशी, हातभर चौथरा घालता येईल अशी जागा धरावी. तळातला तूस भिजला की अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि ती सपाट जागा ज्याने सुचवली त्याला शेतावर तातडीचे काम निघते.

दिशेबाबत पोल्ट्रीची पुस्तके ठाम आहेत. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन आत घुसत नाही. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती चोच उघडी टाकून नुसती धापा टाकते. पश्चिमेकडून येणारा पाऊसही मग बराचसा आखूड बाजूवर आदळतो. ती बाजू कारवीच्या कुडाने बंद केली की बरेचसे भागते. मात्र हे नियम हजार पक्ष्यांच्या शेडसाठी आहेत. आठ कोंबड्यांना दरडोई दोन चौरस फूट धरले तर चार बाय चार फुटांचे खुराडे पुरते, आणि त्याची लांब बाजू कोणती यावर घरात दोन पक्ष पडतात.

खरा विचार रानातून येणाऱ्या पाहुण्यांचा. तानसा अभयारण्याचे रान याच शहापूर तालुक्यात आहे आणि तिथल्या रहिवाशांना परसाचे कुंपण मान्य नाही. घार दिवसा येते. तिच्यासाठी आंब्याची दाट सावली पुरते, फांद्यांखाली तिला झेप घेता येत नाही. मुंगूस जाळीखालून उकरून शिरते आणि खाण्यापेक्षा मारतेच जास्त. षटकोनी छिद्रांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवेलच असे नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी हातभर जमिनीत गाडावी लागते. रानमांजराला कडी काढता येत नाही, पण लावायची राहिलेली कडी त्याला बरोबर सापडते. बिबट्याचा विचार करून जागा ठरवूच नये. जळणाची रास, पेंढ्याची उडवी आणि उकिरडा यांच्यापासून खुराडे लांब हवे, कारण तिथे उंदीर येतात, उंदरांमागे साप आणि सापांमागे पुन्हा मुंगूस. परसात या तिन्हींपासून लांब असलेली जागा बहुधा शेजाऱ्याची असते.

शेवटी राखण जाळी करत नाही, कान करतो. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही. आत काही शिरले तर तिला पळता येत नाही, ओरडता येते, आणि तो ओरडा कोणीतरी ऐकावा लागतो. म्हणून खुराड्याचे अंतर घरातल्या सर्वांत सावध झोपेच्या माणसाच्या खाटेपासून मोजावे. हे माणूस बहुतेक घरी आजी असते आणि ती पडवीत निजते. कसारा घाट चढणाऱ्या मालगाड्यांनी तिची कूसही बदलत नाही. कोंबडीचा सूर बदलला की ती काठी आणि बॅटरी घेऊन उभी राहते.

अडचण अशी की जिथून कोंबडीचा ओरडा ऐकू येतो, तिथून कोंबड्याची बांगही ऐकू येते. तो झाकून उपयोग नसतो हे म्हणीमुळे सर्वांना ठाऊक आहे; इतकी पक्की म्हण तयार होईपर्यंत किती घरांनी डालगे घालून पाहिले असेल! जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते आपल्या वेळेला आरवले. घड्याळ त्यांच्या अंगातच असते. पुढे २०१५ साली असेही दिसले की वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाप्रमाणे त्याच्या मागून. गावकी पाहिलेल्याला यात नवल वाटायचे नाही. पहाटेची लोकल गाठणारे घर बांगेला सोय मानते; मुरबाड-शहापूरकडे शनिवार-रविवारपुरती शांतता विकत घेतलेले फार्महाऊसवाले तिलाच उपद्रव म्हणतात.

दिवसा सुटलेल्या कोंबडीला सातबारा वाचता येत नाही. खुराड्याचे दार आपल्या अंगणाकडे करावे, म्हणजे निदान पहिली दहा पावले ती आपल्याच मालकीत उकरते.

सरकारी मोजमाप आणखी वेगळे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारण्याचे ठरले. अशा वर्तुळात सापडल्यावर दार कुठल्या दिशेला आहे, हे कोणी विचारत नाही.

कोंबडीचे मत या सर्वांहून निराळे. तिचा पूर्वज तांबडा रानकोंबडा रात्री झाडावर बसतो, त्यामुळे दिवस मावळताना तिची नजर आंब्याच्या फांदीकडे जाते. खुराड्यात आडवी दांडी बसवावी आणि नव्या जागेत आठवडाभर कोंडून तिथेच दाणापाणी द्यावे. नाहीतर आठही जणी संध्याकाळी जुन्या जागी, पडवीतल्या मोटारसायकलच्या सीटवर, ओळीने बसतात. खुडूक कोंबडीला मात्र या नियमांतून वगळावे. तिने अंड्यांवर बसायला जी जागा धरली, मग ती कणगीमागची का असेना, तिथून ती एकवीस दिवस हटत नाही.