ओपन ऑफर आणि आतली बातमी

ओपन ऑफर ही कंपनी ताब्यात घेण्याची कायदेशीर रीत आहे. सेबीच्या २०११च्या नियमांनुसार एखाद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीतला २५ टक्के किंवा अधिक मताधिकार घ्यायचे ठरवले, की इतर भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के शेअर विकत घेण्याचा देकार त्याला जाहीर करावा लागतो. भाव निदान किती असावा, हेही नियमांत लिहिलेले आहे. पण छोट्या भागधारकाचा लिहिलेल्यावर विश्वास नसतो. तो असतो ब्रोकरच्या मेव्हण्यावर.

माइंडट्री या आयटी कंपनीचे २०१९चे प्रकरण अभ्यासाला उत्तम. मार्चमध्ये लार्सन अँड टुब्रोने तिचे मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडचे सुमारे २० टक्के शेअर ९८० रुपयांनी घ्यायचा करार केला आणि त्याच भावाने आणखी ३१ टक्क्यांसाठी ओपन ऑफर आणली. बेंगळुरूच्या संस्थापकांनी कडाडून विरोध केला. मात्र त्यांच्या हाती होते सारे मिळून १३ टक्के. (अंबानी आणि पुढे बिर्ला यांच्यापासून स्वतःची सुटका करून घेताना स्वायत्ततेची थोरवी याच लार्सनने देशाला ऐकवली होती.)

९८० हा भाव बाजारभावाहून किंचितच वर होता. जाणकारांना यात हिशेब दिसला, भागधारकाला संकेत. एवढ्यात कोण देतो, म्हणजे लार्सन भाव वाढवणारच. नाहीतर संस्थापकांच्या मदतीला कुणी परदेशी धावून येणार. तेही नाही, तर कंपनी बायबॅक करणार, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेणार. या तिसऱ्या तर्काला निदान बुड होते: संचालक मंडळाने त्यावर खरोखर विचार केला आणि बेत सोडून दिला. त्यावरून आत काहीतरी मोठे शिजत असल्याचे सिद्ध झाले. या शास्त्रात बातमी आली तर भाव चढतो आणि आली नाही तर ती दडवली म्हणून चढतो.

अपेक्षित भाव काढण्याची पद्धतही ठरलेली आहे. ताळेबंद उघडावा लागत नाही. स्वतः ज्या भावाला अडकलो, त्यात मनस्तापाची भरपाई मिळवली, की कंपनीचे खरे मूल्य निघते. याच काळात डिमॅट खात्यात दहा शेअर असलेला गृहस्थ ‘आपण कंपनी अशी सोडायची का?’ असे घरात विचारू लागतो. वार्षिक सभेची नोटीस त्याने कधी उघडलेली नसते.

जूनमध्ये ऑफर उघडली ती ९८०लाच. परदेशी कुणी आला नाही. लार्सनचा वाटा ६० टक्क्यांवर गेला, जुलैत संस्थापकांनी कारभार सोडला आणि शेअर ९८०च्या बराच खाली आला. शेअर धरून बसलेले हळहळले. २०२१मध्ये तोच शेअर चार हजारांपलीकडे गेला, तेव्हा हळहळण्याची पाळी विकलेल्यांची होती. तोवर धरून बसलेल्यांपैकी बहुतेकांनी मुद्दल सुटताच विकून टाकले होते, आणि तेही आतल्या बातमीवरूनच.

नोव्हेंबर २०२२मध्ये माइंडट्री लार्सनच्याच दुसऱ्या आयटी कंपनीत विलीन झाली: माइंडट्रीच्या १०० शेअरांमागे ७३. दहा शेअरवाल्याला सात पूर्ण मिळाले. उरलेल्या तीन दशांशाचे पैसे किती येणार, यावर तज्ज्ञांत मतभेद होते.