माती मोठी की गादी?

कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकावा आणि आपण बाजूला होऊन ऐकत बसावं. मातीतला पैलवान भारी की गादीवरचा? चहा संपतो, वाद संपत नाही. कुणीतरी जुने आबा मांडीवर थाप मारून म्हणतातच, "तीन-तीन मिनिटांत कुस्ती हुती व्हय रं? आमचा पैलवान तेवढ्यात नुसती अंगाला माती लावायचा." समोरचा तरुण गुणांचा हिशेब सांगू लागतो. खाली घेतलं की दोन, उचलून टाकलं तर चार, जमलं तर पाच, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. आबांचा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा असतो. पाठ लागली नाही तरी माणूस हरला, ही गोष्ट त्यांना पचत नाही.

जुन्या विद्येची नव्या खेळाशी परीक्षा लावण्याचा हा नाद फक्त आपल्याकडचा नाही. 2017 साली चीनमधल्या चेंगडूला शू शियाओडोंग नावाच्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढवय्यानं ताई-चीचे एक गुरू वेई लेई यांना आव्हान दिलं. गुरूंनी ऐटीत पवित्रा घेतला, हात हवेत सावकाश फिरवले, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ते जमिनीवर होते. गंमत पुढेच आहे. देशाच्या परंपरेचा अपमान केला म्हणून लोक शूवरच तुटून पडले, आणि पुढे 2019 मध्ये ताई-चीच्याच दुसऱ्या एका गुरूला फसवा म्हटल्याबद्दल न्यायालयानं त्याला माफी मागायला लावली. लढत जिंकला, खटला हरला!

त्या लढतीचं चित्रीकरण बघून आपल्याकडचे काही जण परस्पर निष्कर्ष काढून मोकळे झाले: जुनं ते सगळं थोतांड. मला हे पटत नाही. वेई लेई हरले ते त्यांची विद्या जुनी म्हणून नव्हे. समोरचा माणूस आपल्याला खरोखर पाडायलाच आला आहे, असा प्रसंग त्यांच्या सरावात फारसा येत नसावा. शिष्य गुरूला पाडत नाहीत. गुरूनं हात लावायचा अवकाश, शिष्य आदरानं आपण होऊन उडून पडतात. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात आणि मैदानात ती दिसली तर लोक चपला फेकतात.

तालमीत ही सोय नसते. पहाटे हौद्यातली माती फावड्यानं उकरायची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव असं काय काय मुरलेलं असतं, त्यामुळे अंगाला लागली तरी ती औषधीच. मग जोर, बैठका, आणि घाम निथळू लागला की लढती. या लढतीत काल आलेला पोरगाही मनापासून पाडायला बघतो. वस्ताद कडेला बसून बघतात, एखादी शिवी हासडतात, "पट काढ की रं, बघत काय बसलायस" म्हणतात. खुराकाच्या, बदाम-थंडाईच्या, एका बैठकीत अमुक शेर दूध प्यायलेल्या पैलवानांच्या दंतकथा तिथंही भरपूर आहेत, आणि त्या थोड्या फुगवलेल्याही असणार. पण ढाकेसारखा डाव लागतो की नाही, याची दंतकथा होऊ शकत नाही. संध्याकाळी समोरचा उभा राहिला तर नाही लागला, एवढं सरळ काम आहे.

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 साली जुदो सुरू केला तेव्हा त्यांनी हीच गोष्ट ओळखली होती. जुन्या जुजुत्सूतले हाडं मोडणारे, जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. उरलेले डाव मग रोज, पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर करता येऊ लागले. म्हणजे विद्या कमी घातक झाली आणि माणसं जास्त घातक झाली. फार भयंकर डाव येतात म्हणून ते कधीच करून दाखवता येत नाहीत, असं सांगणारे गुरू मला त्यामुळे नेहमीच संशयास्पद वाटतात.

तरीही परीक्षा म्हटली की ती कुणाच्या अंगणात, हे विचारावंच लागतं. 1910 साली लंडनला गामा पैलवान झबिस्को या परदेशी मल्लाशी लढला. गादीवरची कुस्ती, परक्यांचे नियम. झबिस्को पोटावर पडून जमिनीला असा चिकटला की अडीच तास उलटले तरी हलेना. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली, आणि आठवड्यानं फेरलढतीला तो आलाच नाही. 1928 मध्ये तेच दोघं पतियाळात भेटले, दोघंही पन्नाशीच्या घरात. या वेळी खाली माती होती. झबिस्को मिनिटभराच्या आत चीत झाला. इंग्लंडात अडीच तास न हलणारा माणूस इथं एवढ्यात कसा उलटला, हे मातीलाच विचारायला हवं.

आणि खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा मातीतला मल्ल. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून जाता आलं. ज्या गादीवर लढायचं तिची ओळखही तेव्हाच झाली, तरी सहावा नंबर आला. पुढच्या चार वर्षांत खाशाबांनी तक्रार करण्याऐवजी सराव केला. 1952 च्या हेलसिंकीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटात सुवर्ण मिळालं ते जपानच्या शोहाची इशीला, आणि हा इशी मुळात जुदोचा. युद्धानंतर अमेरिकनांच्या अंमलात जुदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. एका चौथऱ्यावर पहिला जुदोतला, तिसरा हौद्यातला. दोघांनी पाटी नवी घेतली होती, अक्षर जुनंच होतं.

आपल्याकडे तर ही परीक्षा नियमानं होते, फक्त आपण तिला परीक्षा म्हणत नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी चांदीच्या गदेसाठी एकमेकांना भिडतात. एवढा साधा प्रयोग इतकी वर्षं चालू असूनही निकालावर एकमत नाही, याचं श्रेय पंचांच्या शिट्टीइतकंच आपल्या भांडण्याच्या हौसेलाही द्यायला हवं. 2023 सालचंच बघा. त्या वर्षी स्पर्धा एकापेक्षा अधिक वेळा झाली. जानेवारीत पुण्याला गादीच्या शिवराज राक्षेनं मातीच्या महेंद्र गायकवाडला मिनिटभरात चीत केलं. नोव्हेंबरात फुलगावला मातीच्या सिकंदर शेखनं त्याच राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत पाडलं, आणि ही अंतिम लढत होती गादीवर. मातीवाल्यांनी यावर फार शड्डू ठोकू नयेत. आजकाल मोठ्या तालमींत हौद्याच्या शेजारीच मॅट अंथरलेली असते आणि पोरं दोन्हीवर लढतात.