जलसंस्थानाचे कारभारी

सरकारी दप्तरात उभी हयात घालविलेल्या गृहस्थांचा एक वर्ग असा आहे की, निरोपसमारंभात शाल आणि नारळ स्वीकारून ते घरी परततात खरे, परंतु त्यांच्या हाडीमासी मुरलेला अंमल मात्र मुदतवाढ मिळाल्याप्रमाणे पुढे चालूच राहतो. त्यांपैकी कोणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर हुकमत गाजवितो, कोणी वाचनालयाचा जमाखर्च तपासत बसतो. आमचे शेजारी तात्या, जे महसूल खात्यात अव्वल कारकून होते, त्यांच्या ताब्यात मात्र नातवाने वसतिगृहात जाताना मागे ठेवलेली काचेची टाकी आली, आणि तिच्यातील एका अ‍ॅक्सोलॉटलसह सर्व वनस्पतींची जमाबंदी त्यांनी त्याच दिवशी हाती घेतली.

हा प्राणी मूळचा मेक्सिकोतील सोचिमिल्कोच्या पाण्यातला. चार आखूड पाय, रुंद जिवणी आणि मानेच्या दोन्ही अंगांस तुरेदार कल्ले असा हा उभयचर आजन्म बाल्यावस्थेतच राहतो आणि त्याच अवस्थेत वंशविस्तारही करतो. १८६५ साली पॅरिसमध्ये द्युमेरिल नामक प्राणिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली याच्या काही पिल्लांनी अकस्मात कल्ले टाकून भूचर रूप धारण केले, तेव्हा विद्वान मंडळी कशी चकित झाली, ही हकिकत चहा येईपर्यंतच्या अवकाशात तात्या प्रत्येक पाहुण्यास ऐकवितात. हा प्राणी साइट्स करारान्वये दुसऱ्या परिशिष्टात मोडतो हे कळताच त्यांनी त्याची रीतसर नोंदणी केली व तिची प्रत देव्हाऱ्याशेजारी लावली.

टाकीतील लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न या दोन वनस्पती दोऱ्याने बांधलेल्या आहेत. एके दिवशी जावा फर्नच्या जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके दिसू लागली, आणि वार्ता फुटताच तात्यांच्या दिवाणखान्यात कृषितज्ज्ञांची रीघ लागली. वरच्या मजल्यावरील गुलाबप्रेमी गृहस्थांनी चिमूटभर युरिया सुचविला. एकांनी दहा-सव्वीस-सव्वीसची पुडीच आणली. तासगावकडे द्राक्षबाग असलेल्या मेहुण्यांनी तर "दाजी, मोरचुदासारखं औषध नाही," असा निर्वाळा दिला. तात्यांनी प्रत्येकाचे म्हणणे नोंदवहीत तपशीलवार उतरवून घेतले आणि तिन्ही प्रस्तावांखाली तोच शेरा मारला, जो पस्तीस वर्षे तालुक्यातील शेकडो अर्जदारांच्या काळजात धडकी भरवीत आला होता: "तूर्त तहकूब."

आणि येथेच या मनुष्यविशेषाची थोरवी ध्यानात येते. युरियापासून पाण्यात अमोनिया तयार होतो व तो या प्राण्याचे नाजूक कल्ले जाळतो; मोरचूद म्हणजे तांबे, आणि ज्याची त्वचाच पाण्यातील पदार्थ शोषून घेते अशा उभयचरास तांबे विषवत. म्हणूनच टाकीत घालावयाचे पाणी तांब्याच्या हंड्यात साठविण्यास तात्यांनी मनाई केली असून, खताच्या बाटलीवरील सूक्ष्म अक्षरे भिंगातून वाचताना 'कॉपर' हा शब्द आढळला की बाटली दुकानदाराकडे परत रवाना होते. मुळाशी पुरावयाच्या खताच्या गोळ्यांना तर प्रवेशच नाही, कारण तोंडात मावेल ती वस्तू, मग ती गोळी असो वा खडा, गिळून टाकणे हा या जलवासियाचा स्वभाव आहे. शिवाय त्याची विष्ठा हेच नत्र आणि स्फुरद यांचे खत. उणीव पडलीच तर बहुधा पालाशाची वा लोहाची. त्यातून यंत्राने १६ ते १८ अंशांवर राखलेल्या गार पाण्यात व मंद उजेडात अनुबियासला नवे पान फुटावयास कित्येक आठवडे लागतात. ज्याची वाढच बेताची, त्याची भूक ती किती असणार?

तरीही चौकशीविना अर्ज फेटाळणे तात्यांच्या तत्त्वात बसत नाही. दर रविवारी ते काचेच्या नळीत टाकीचे पाणी घेऊन पहिल्या बाटलीतील थेंब मोजून घालतात, दुसरी बाटली घड्याळ लावून खदाखदा हलवितात, आणि पाच मिनिटांनी ती नळी खिडकीशी धरून रंगाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. पिवळा असेल तर निश्चिंती, लालसर झाला तर नायट्रेट वाढले. रंगाविषयी मतभेद झाल्यास अपील काकूंकडे. "अहो, हा आंबा कलर कुठला? सरळ सरळ नारिंगी आहे!" असा निकाल साड्यांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या नजरेने त्या देतात, आणि तात्या निमूटपणे पाण्याचा पाचवा हिस्सा बदलतात.

अखेर तीन रविवार पाहणी झाल्यावर जावा फर्नला पालाशाची तगाई मंजूर झाली, तीही टाकीबाहेर: वनस्पतींसह ते लाकूड उचलून गॅलरीतील बादलीत, बाटलीवर छापलेल्या मात्रेच्या चतुर्थांशाने तयार केलेल्या पाण्यात काही तास ठेवले गेले, नंतर दोनदा धुऊन स्वस्थानी रुजू झाले. पुढे आलेली पाने अभंग निघाली. अ‍ॅक्सोलॉटलने गांडूळ नेहमीच्या तत्परतेने गिळले व त्याचे कल्ले पुढे वळले नाहीत, म्हणजे त्याचीही हरकत नव्हती. ज्या दिरंगाईपायी अनेकांचे फेरफार वर्षानुवर्षे रखडले, तीच येथे जीवरक्षक ठरली. विधात्याने प्रत्येक दोषासाठी एखादी योग्य जागा नेमून ठेवलेली असते, फक्त बदलीचा हुकूम कधीकधी निवृत्तीनंतर हाती पडतो.

या यशाने तात्यांचा आत्मविश्वास इतका बळावला आहे की, स्वयंपाकघरातील ओट्याची फुटलेली फरशी बदलण्याचा काकूंचा जुना अर्जही त्यांनी परवा "तीन रविवार पाहणी करून पाहू" असे म्हणून नोंदवहीत घेतला. काकूंनी हातातले उलथणे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "पाहणी त्या पाण्यातल्या झाडाची करा. उद्या गवंडी आला नाही, तर स्वयंपाकही तूर्त तहकूब!" गवंडी सकाळी आठ वाजता हजर होता.